ट्रकची खांदेमळणी

कोंडिबाचे हात गेले, असं सास्तूर गावात ज्यानं त्यानं ठरवून टाकलं होतं. आणि गंमत अशी, की सगळ्यांच्या आधी ते ठरवलं होतं खुद्द कोंडिबानं.

गेले म्हणजे तुटले न्हाईत बरं का. जागच्या जागी होते, चांगले दणकट. पण सोसायटीच्या ट्रकचं स्टेरिंग त्यांना दाद देईना. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता तो. आदल्या साली पाऊस नुसता तोंड दाखवून गेला. विहिरींचे तळ दिसायला लागले, तशी सोसायटीनं आपल्या ट्रकच्या पाठीवर लोखंडी टाकी चढवली. एरवी खताची पोती वाहणारा कोंडिबा तेरणेकाठच्या विहिरीवरून वाड्यावस्त्यांना पाणी वाहायला लागला. ट्रक लष्करानं मोडीत काढलेला, लिलावात घेतलेला. पण कोंडिबा सोडून दुसरा कुणी त्या ट्रकला मोडीतला म्हणाला, तर त्याचं काही खरं नसायचं.

दिवाळीच्या सुमाराला कोंडिबाला पहिल्यांदा वाटलं, आज स्टेरिंग जरा जड जातंय. संक्रांतीला वाटलं, थंडीनं सांधे धरले असतील. शिमग्यापर्यंत अशी पाळी आली की वळण घ्यायला सीटवरून अर्धं उठून चाकाला लोंबकळावं लागायचं. माणूस पन्नाशीच्या पुढं गेला की असलं काही झालं तर दोष कुणाला देतो? स्वतःलाच. कोंडिबानंही दिला. बायकोला म्हणाला न्हाई, कुणालाच म्हणाला न्हाई. गुपचूप दंडाला निर्गुडीचा पाला बांधायचा आणि वर सदऱ्याची बाही ओढायचा.

असं किती दिवस झाकून राहणार? एका सकाळी वाडीच्या चिंचेपाशी ट्रक वळवताना चाक निम्म्यातच अडलं. कोंडिबानं सगळा जोर लावला, ब्रेक दाबला, पण भरल्या टाकीचा ट्रक तो, लगेच थोडाच थांबतोय! पाण्यासाठी लावलेल्या घागरींच्या रांगेवरून पुढचं चाक गेलं. बाया ओरडत बाजूला पळाल्या म्हणून बरं. माणूस कुणी सापडलं न्हाई, पण घागरींचे पार पत्रे झाले. कोंडिबा खाली उतरला, तेव्हा त्याचे हात थरथरत होते. तेवढंच लोकांनी बघितलं.

संध्याकाळी चेअरमन हिंमतराव आपल्या अँबेसेडरमधून गोदामावर आले. माणूस वाईट न्हवता. वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळा झाला असता.

"कोंडिबा," ते हळू आवाजात म्हणाले, "आज घागरी गेल्या, उद्या लेकरू जाईल. तुमचा काय दोष न्हाय. वय कुणाला चुकलंय? सोमवारपासून ट्रकवर बब्रुवान बसंल. तुम्ही गोदामावर राखणीला बसा. पगार तोच."

बब्रुवान म्हणजे चेअरमनचा ड्रायव्हर, पंचविशीचा पोरगा. तो मान खाली घालून उभा होता. कोंडिबानं "बरं" म्हटलं आणि ट्रकच्या चाव्या खिळ्याला अडकवल्या. गोदामावर राखण! तिथं बसणाऱ्या माणसाकडं गाव कसं बघतं, ते त्याला ठाऊक होतं. उभ्या जन्मात त्याला दोनच गोष्टी नीट आल्या होत्या, आधी बैल हाकणं आणि मग ट्रक हाकणं. बैल तर चाऱ्यापायी गेल्या पावसाळ्यातच मेव्हण्याकडं कर्नाटकात धाडलेले. आता ट्रकही गेला, तर त्याच्या हातात उरलं काय?

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला मथुराबाई जात्यावर बसली, तेव्हा नवरा भिंतीला टेकून जागाच होता. सदऱ्याच्या बाहीतून पाला डोकावत होता. तिला काल संध्याकाळीच सगळं कळलं होतं. असल्या बातम्या बायांपर्यंत ट्रकच्या आधी पोचतात.

"हात गेल्यात म्हणं तुमचे," ती म्हणाली.

"व्हय."

"बघू तरी. या इकडं. सरकारी मिलो हाय, रेशनची तांबडी ज्वारी, दगडावानी टणक. माझ्याच्यानं ओढत न्हाय."

कोंडिबा कुरकुरत समोर बसला आणि खुंट्याला हात घातला. थोड्या वेळात मथुराबाईनं आपला हात हळूच काढून घेतला. जातं तसंच गरगरत राहिलं. पिठाचा ढीग पडला तरी गड्याच्या कपाळाला घाम न्हाई.

"आता हे काय पाय दळाया लागलेत व्हय?" ती म्हणाली.

कोंडिबा थांबला. आपल्या हातांकडं बघत बसला.

"माझं जातं जड झालं, तर म्या काय हात मोडला म्हणून रडत बसते?" मथुराबाईचा पट्टा सुरू झाला. "वरचा दगड उचलते, खाली काय अडकलंय ते बघते. तुमचं उलटंच. गाडी अडली की हाताला पाला! आणि चटणीवर तेल मागू नका आज. पोळ्याला करडीच्या तेलाचा डबा एका रात्रीत निम्मा झाला, आता बुडाशी थेंब उरलेत. मांजर तेल पितं, हे म्या तरी कधी ऐकलं न्हाय."

तेलाचं नाव निघताच कोंडिबानं पिठाकडं मान वळवली. पण त्याचं चित्त भलतीकडंच लागलं होतं. वरचा दगड उचलून बघते म्हणाली. आणि आपण? इतकी वर्षं ते चाक हातात धरलं, फिरवलं तिकडं ट्रक वळतो एवढंच ठाऊक. बैलाचं कसं सगळं डोळ्यांसमोर असतं: हातात कासरा, कासरा वेसणीला, वेसण नाकात. डावा ओढला की बैल डावीकडं. इथं आपल्या हातातल्या चाकापासून रस्त्यावरच्या चाकापर्यंत कासरा जातो कुठून? काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्यानं तोंडावर पाणी मारलं आणि भाकरी न खाताच निघाला.

सोसायटीसमोर बब्रुवान अँबेसेडर पुसत होता. कोंडिबाला बघून बिचारा अवघडला.

"काका, म्या न्हाय मागितला ट्रक. आईची आण."

"ते असू दे रं. मला जरा तुझ्या गाडीत बसू दे."

कोंडिबानं अँबेसेडरचं चाक फिरवलं. जागेवर उभ्या गाडीचं चाक, तरी सुरसुर वळलं, आणि हाताला खालची खडी न् खडी कळली. मग रस्त्याच्या दुष्काळी कामावरची ओव्हरसियरची जीप पलीकडं लिंबाखाली उभी होती, तिच्यात चढला. ओव्हरसियर चहा प्यायला गेलेला. हिचं चाक मधोमध थोडं सैल, इकडं तिकडं नुसतंच हलायचं, आणि मग पकड घ्यायचं. पण वळलं तेही. हात तेच, चाकं तीन, आणि तिन्हींचा स्वभाव निराळा. कोंडिबाला इतकं नवल वाटलं की तो जीपमधून उतरायचंच विसरला.

"काका, पण या हलक्या गाड्या," बब्रुवान भीत भीत म्हणाला. "ट्रकचं वजन केवढं! त्याच्याशी कशी बरोबरी व्हायची?"

पोराचं खरं होतं. कोंडिबाचा चेहरा उतरला. मग एकदम त्यानं मांडीवर थाप मारली.

"मग वजनच काढून टाकू की! जॅक आण."

दोघांनी ट्रकचा पुढचा आस जॅकवर उचलला. चाकं जमिनीपासून सुटली. आता ट्रकचं ओझं त्यांच्यावर न्हवतंच. कोंडिबा वर चढला, देवीचं नाव घेतलं आणि स्टेरिंग फिरवलं. जड! तितकंच जड! आयुष्यात पहिल्यांदा कुणाला जड स्टेरिंगचा इतका आनंद झाला असेल.

"बब्रुवान, चढ वर. फिरव!"

बब्रुवान चढला. एका हातानं, मग दोन्ही हातांनी, मग पाय टेकवून. मानेच्या शिरा फुगल्या, तोंड लालेलाल झालं. चाक कण्हत कण्हत थोडंसं वळलं आणि थांबलं. तो धापा टाकत कोंडिबाकडं बघायला लागला.

"आयला काका! हे तुम्ही भरल्या टाकीनं चालवत होता?"

कोंडिबानं सदऱ्याची बाही वर सारली, दंडाचा पाला सोडला आणि दूर फेकून दिला.

दोघांनी जाऊन चेअरमनना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण मान हलवली. "उद्या रविवार हाय. तुळजापूरहून ईरण्णा मिस्त्रीला बोलावतो. बिघाड सापडला तर ठीक. न्हायतर सोमवारी दुसरा ट्रक भाड्यानं आणून बब्रुवानला बसवावं लागंल. वाड्या तहानल्यात, कोंडिबा. तुमचं मन राखायला लोकांना तहानलेलं ठेवता येत न्हाय."

ईरण्णा मिस्त्री सकाळच्या एसटीनं आला. खांद्याला हत्यारांची पिशवी, तोंडात पान, आणि मराठी बोलताना मधेच कानडी. गडी हुशार, पण त्याच्या कामात कुणी प्रश्न विचारले की वैतागायचा. आणि आज तर कोंडिबा त्याच्या मानगुटीवरच बसला.

"मिस्त्री, यातला कासरा कुठला?"

"कसला कासरा? अय्यो, बाजूला व्हा की हो."

"न्हाय, दाखवा. या माझ्या हातापासून त्या चाकापर्यंत."

ईरण्णानं पान थुंकलं आणि ट्रकखाली बोट केलं. स्टेरिंगच्या खांबाच्या बुडाशी एक ओतीव लोखंडाचा डबा. डब्यातून बाहेर आलेला एक जाड हात, खाली लोंबणारा. त्या हाताला लांब दांडी, ती जाते पुढच्या एका चाकाला. आणि त्या चाकापासून या चाकापर्यंत आडवी दुसरी दांडी, म्हणजे दोन्ही चाकं जोडीनं वळतात. कोंडिबा उताणा पडून ते सगळं बोटानं चाचपत गेला. हा कासरा, हे जू. हां!

"मग ही लांब दांडी सोडा," तो म्हणाला. "बैल वेगळे करा, कासरा वेगळा करा. बघू कोण अडतंय."

ईरण्णानं चमकून बघितलं. तो नेमकं तेच करणार होता. दांडी सुटली. कोंडिबानं पुढच्या चाकाला पायानं ढकललं, तर दोन्ही चाकं झुलल्यागत इकडून तिकडं गेली. वर बब्रुवाननं स्टेरिंगला हात लावला, तर ते जागचं हलेना.

"म्हणजे दोष चाकांत न्हाय," कोंडिबा म्हणाला, "आणि हातातही न्हाय. जे काय हाय ते या डब्यात!"

एव्हाना चेअरमन येऊन खुर्ची टाकून बसले होते. ईरण्णानं डबा सोडवायला घेतला आणि कोंडिबानं पुन्हा तोंड उघडलं.

"पण मिस्त्री, चेअरमनसाहेबांच्या गाडीत हात फिरवला की खालची खडी कळती. जीपमध्ये मधोमध सैल लागतं. आणि आपल्या ट्रकला कितीतरी फिरवावं तेव्हा कुठं थोडं वळतं. असं का?"

ईरण्णानं पाना थांबवला. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलं न्हवतं. त्याचा वैताग पार मावळला, आणि तो मांडी घालून बसलाच.

"अँबेसेडरला खाली दातेरी पट्टी असती. खांबाच्या टोकाला छोटं दातेरी चक्र, ते पट्टीवर फिरतं. चक्र फिरलं की पट्टी सरकती डावी-उजवी. सरळ कारभार, मधे दलाल न्हाय. म्हणून रस्त्याचा हादराही सरळ हातात येतो. जीपचं निराळं. तिथं दांड्यावर वळणावळणाची खाच, खाचेत एक खुंटी. दांडा फिरला की खुंटी खाचेतून सरकती आणि तो बाहेरचा हात हलवती. खाच झिजली की खुंटी खुळखुळती. म्हणून तुम्हाला सैल लागलं."

"आणि ट्रक?"

"ट्रकला सरळ दाते लावले, तर सगळं वजन तुमच्या मनगटावर. म्हणून दांड्याला आट्या, मोठ्या बोल्टावानी. त्या आट्यांवर एक नट. तुम्ही लई फिरवायचं, नट थोडाच सरकणार, पण जोर वाढणार. आणि लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून आट्यांत पोलादी छर्रे. ते आट्यांतून पळतात, एका टोकाला बाहेर पडतात, नळीतून परत पहिल्या टोकाला."

"घाण्याच्या बैलावानी? चालतोय चालतोय, पुन्हा तिथंच?"

"हां! तसंच. आणि बाहेरदेशी तर म्हणं तेलाच्याच जोरानं चाक वळवतात. पंप तेल ढकलतो, ड्रायव्हरनं नुसतं बोट लावायचं."

"तेल वळवतं?" कोंडिबाचे डोळे गोल झाले. "काय सांगता!"

"सांगतो म्हणजे? वाचलंय मी." असं म्हणत ईरण्णानं डब्याचं झाकण उचकटलं, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

डब्यात तेल न्हवतं, ग्रीस न्हवतं. पिवळट तपकिरी चिकट राळ भरली होती. चिक्कीत शेंगदाणे बसावेत तसे छर्रे तिच्यात घट्ट बसलेले. ईरण्णानं बोट घालून वास घेतला.

"गोडंतेल! करडीचं! अय्यो शिवा, हे तेल हवा न् ऊन लागलं की सुकतं, घट्ट होतं. दाराला जवसाचं तेल फासतात ना, तसं. महिनोन् महिने आत शिजलंय हे. कुठल्या गाढवानं ओतलं?"

वास कोंडिबाच्याही नाकात शिरला, आणि त्याला पोळा आठवला.

पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ होती ती. घरोघर बैलांच्या खांद्यांना तूपहळद चोळत होते. कोंडिबाचा गोठा रिकामा. मन लागेना. शेवटी तो घरातून करडीच्या तेलाची कासंडी भरून घेऊन निघाला आणि गोदामाच्या मागं ट्रकपाशी आला. नांगर ओढला न्हाई तरी वर्षभर ओझं तर यानंच ओढलंय. त्यानं ट्रकच्या पुढच्या मडगार्डांना तेलहळद चोळली, कमानींना चोळली, आणि स्टेरिंगच्या डब्यावरचं बूच दिसलं तेव्हा ते काढून आत बघितलं. आत कोरडं ठणठणीत. बिचारा तहानलेला, असं म्हणून उरलेलं सगळं तेल त्याला पाजलं. वर, खांदेमळणीला बैलाच्या कानात सांगतात तसं बॉनेटला तोंड लावून म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." करायला गेला गणपती आणि झाला मारुती!

"किल्ल्या कुणाकुणाकडं असतात?" चेअरमनचा आवाज बदलला होता. त्यांची नजर बब्रुवानवर जाऊन थांबली. "तू बी ट्रकपाशी घुटमळायचास ना रं? कोंडिबा उतरले की सीट तुलाच मिळणार होती."

बब्रुवानचा चेहरा पांढराफटक पडला. "न्हाय मालक... म्या... मला तर..."

आता कोंडिबा गप बसला असता, तर? ट्रक दुरुस्त झाला असता, सीट त्याची त्याला परत मिळाली असती, वर बिचाऱ्या म्हाताऱ्याशी घातपात केला म्हणून सगळं गाव हळहळलं असतं. हे त्याला कळलं न्हाई असं न्हाई. पण पोराचं ते तोंड त्याला बघवेना. आणि दुसरं म्हणजे, त्याला आतून इतकं हसू फुटत होतं की ते दाबून धरणं शक्यच न्हवतं. तो हसायलाच लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"चेअरमनसाहेब, ते गाढव म्या हाय."

"काय?"

"म्याच ओतलं. पोळ्याला. बैल न्हवते घरी, म्हणून याचीच खांदेमळणी केली." मग त्यानं डोळे पुसले आणि ताठ उभा राहिला. "आता काढायचं तर खुशाल काढा मला. पण हात गेले म्हणून काढू नका. येडा म्हणून काढा. येडा म्हणून काढलं, तर हसत घरी जाईन."

ईरण्णा आधी फसकन हसला. चेअरमनना हसू आवरत न्हवतं, पण रागही खरा होता. "अहो, अख्ख्या वाड्यांचं पाणी तुमच्या त्या आवतणापायी अडकलं! घागरी चेंदामेंदा! कुणी सापडलं असतं म्हणजे?"

कोंडिबाचं हसू थांबलं. "व्हय," तो म्हणाला. "ते खरं."

राळ खरवडायला, रॉकेलनं छर्रे धुवायला दुपार टळली. कोंडिबानं एकेक छर्रा स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं पुसला. नवं गिअर ऑइल पडलं, झाकण लागलं, दांडी जोडली. कोंडिबानं स्टेरिंगला दोन बोटं लावली आणि पुढची चाकं मुकाट्यानं वळली. त्यानं ती डावीकडं नेली, उजवीकडं नेली, परत डावीकडं नेली. कितीतरी वेळ त्याचं तेच चाललं होतं. मग आठवण झाली तसा खाली उतरला आणि चेअरमनसमोर उभा राहिला.

"बब्रुवान, तू आपल्या गाडीवरच बस," चेअरमन म्हणाले. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चुकलं माझं. आणि कोंडिबा, उद्या पाण्याबरोबर नव्या घागरी घेऊन जायच्या. तुमच्या हातानं द्यायच्या. आणि का मोडल्या ते बायांना तुमच्याच तोंडानं सांगायचं. सगळं. आवतणासकट."

ही शिक्षा राखणीपेक्षा जबर होती. पण कोंडिबानं मुंडी हलवली, आणि खिळ्यावरच्या चाव्या काढून खिशात घातल्या.

दिवेलागणीला तो घरी आला तेव्हा मथुराबाईनं ताट वाढलं होतं. मिलोची भाकरी आणि कोरडी चटणी. कोंडिबानं तिच्या तोंडाकडं बघायचं टाळलं.

"मथुरा, ते तेल मांजरानं न्हाय पिलं."

"मग?"

"ट्रकनं पिलं."

मग त्यानं सगळं सांगितलं. कासरा, दातेरी पट्टी, खाचेतली खुंटी, घाण्याच्या बैलावानी फिरणारे छर्रे, सगळं. मथुराबाई ऐकत होती. ती चिडेल असं त्याला वाटलं, आणि चिडलीही. आठ महिने कोरडी चटणी गिळायला लावून वर मांजरावर आळ! मांजराच्या पाया पडा आधी, म्हणाली. मग एकाएकी तिच्या ध्यानात आलं. गड्यानं सहा महिने हात गेले म्हणून एकट्यानं सोसलं, पाला बांधला, तिलाही बोलला न्हाई.

ती उठली. फळीवरचा डबा काढून तिनं उपडा धरला. बुडाशी जे काही थेंब होते ते तळहातावर निथळू दिले. वर चिमूटभर हळद टाकली.

"अगं, चटणीला ठेव की ते," कोंडिबा म्हणाला.

"सदरा काढा."

ती त्याच्या पाठीमागं बसली आणि दोन्ही खांद्यांना ते तेल चोळायला लागली. मानेपासून दंडापर्यंत, सावकाश. कोंडिबाची मान आपोआप खाली झुकली. मग मथुराबाईनं त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"आज आवतण घ्या," ती म्हणाली, "उद्या जेवायला या."